बोथट कार्ड

छापखान्याच्या काकांनी नमुन्यांचा खण ओढला, काउंटरवर उपडा केला आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "घ्या. बघा, हाताळा, मन भरेपर्यंत निवडा. आमच्याकडे घाई नाही."

ठिणगीने बघितलं. वरचं एक कार्ड उचललं, दोन बोटांच्या चिमटीत धरून हवेत उभं केलं, दुसरा हात खांद्यावरच्या पिशवीत घातला, आणि काकांच्या लक्षात काही यायच्या आत वीतभर लांब सुरी बाहेर काढून त्या कार्डाचे उभे दोन तुकडे केले. आवाजसुद्धा झाला नाही. एक तुकडा चिमटीत राहिला. दुसरा गिरक्या घेत काकांच्या चहाच्या कपात उतरला.

"अहो बाई!"

"हे बरंय," ठिणगी म्हणाली. "हे बाजूला ठेवा."

"बाजूला काय ठेवू? अर्धंच उरलंय!"

तोवर दुसरं गेलं होतं. तिसऱ्याला तिने हात घातला तसे काकांनी स्वतःला नमुन्यांवर आडवं झोकून दिलं, कोंबडी पिल्लांवर पंख पसरते तसं. "सुरी आधी इथे ठेवा. इथे. ह्या पेपरवेटखाली. मग कार्डं बघा."

आता ठिणगीला दोष द्यावा तर तोही देता येत नाही. तिचं कामच धार लावायचं. सुऱ्या, कात्र्या, वस्तरे, बागेतल्या कातऱ्या, जे बोथट होतं ते सगळं तिच्याकडे येतं. पायाने फिरवायचं दगडी चाक, शेजारी पाण्याचं डबडं, आणि हाताशी जुन्या वर्तमानपत्रांची चळत. धार लावून झाली की वर्तमानपत्राची पट्टी हवेत धरायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत सुरी तिच्यातून अशी न्यायची की पट्टीला आपण कापले गेलो हे कळूच नये. तोंडाने काही बोलायचं नाही. ही तिच्या बाबांची पद्धत. त्यामुळे समोर कागद आला की तिचा हात सुरीकडे जातो. लग्नाच्या निमंत्रणाचं पाकीट असो नाहीतर दवाखान्याची चिठ्ठी, तिच्या घरात कुठल्याच कागदाला चारही कडा धड नसतात.

ठिणगी हे नावही बाबांनीच पाडलं. शाळेच्या दाखल्यावर तिचं एक भारदस्त नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून.

इतकी वर्षं तिला कार्डाची गरज पडली नव्हती. मंडईच्या मागच्या जिन्याखाली चाक. बाबा गेले, चाक तिथेच राहिलं, त्यावर ती बसली. जिना चढणारा-उतरणारा प्रत्येक जण ठिणग्या उडताना बघायचा आणि त्याला घरची बोथट सुरी आठवायची. पण आता मंडईची दुरुस्ती निघाली होती आणि दुरुस्तीत पहिला बळी जिन्याचा. ठिणगीला जागा मिळाली ती मागच्या गल्लीत, लाँड्रीच्या तळघरात. जागा ऐसपैस होती. भिंतीला लाँड्रीचे गरम नळ होते, म्हणजे थंडीची सोय फुकट. फक्त तिथे कुणी चुकूनही जात नव्हतं.

आणि इथे ताईने डाव टाकला. ठिणगीची ताई एका मोठ्या ऑफिसात कामाला. तिथली स्वागतकक्षातली खुर्ची रिकामी झाली होती.

"एसी आहे," ताई म्हणाली होती. "फिरती खुर्ची आहे."

"माझ्याकडेही फिरतं चाक आहे."

"त्यावर बसता येतं का?"

"आणि करायचं काय तिथे दिवसभर?"

"आल्या-गेल्याला म्हणायचं, बसा, साहेब येतायत."

"आणि साहेब येतात?"

"नाही. पण म्हणायचं."

ताई वाईट नव्हती. धाकट्या बहिणीचं कसं होणार ह्या काळजीने तिला खरोखरच झोप लागत नसे, आणि स्वतःला झोप लागली नाही की ती ठिणगीलाही झोपू देत नसे. शेवटी तह झाला. महिनाअखेरपर्यंत ती खुर्ची ताई शब्द टाकून अडवून ठेवणार. तळघरात गिऱ्हाईक आलं तर ताई दोन्ही कान धरून कबूल करणार की मी चुकले. नाही आलं, तर चाक विकायचं आणि फिरत्या खुर्चीवर बसायचं. "आणि निदान चांगली कार्डं छापून घे," ताई म्हणाली. "बाबांसारखा तुझा आवाज नाही."

ते खरं होतं. बाबा तरुणपणी सायकलवर चाक बांधून फिरायचे आणि "धाऽऽर!" अशी आरोळी ठोकायचे, ती वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फोडणीच्या आवाजाला भेदून पोचायची. ठिणगीचा आवाज रांगेत पुढच्या माणसालाही ऐकू जात नसे.

तर ती आता छापखान्यात उभी होती, सुरी पेपरवेटखाली होती, आणि तेवढ्यात ऑफिस सुटून टाचा टकटकवत ताई आत आली.

"झालं सुरू? काय ठरलं?"

"आत्तापर्यंत दोन नमुने ठार," काका म्हणाले. "चित्रापासून सुरू करूया. काय टाकायचं?"

"सुरी," ठिणगी म्हणाली.

"ठीक. सुरीचं चित्र. खाली फोन नंबर. त्याखाली काय लिहायचं?"

"गरज पडल्यास घरी येऊ."

काकांनी मान वर केली.

"पोलीस येतील," ताई म्हणाली.

"मग कात्री टाका."

"केस कापायला येतील," काका म्हणाले.

"मग चाक!"

"पंक्चर काढायला येतील. चित्र राहू द्या. नाव सांगा."

"ठिणगी."

"नुसतं ठिणगी? आगपेटीची कंपनी वाटेल."

"सगळे मला ठिणगीच म्हणतात."

"म्हणूनच कुणी तुला गंभीरपणे घेत नाही," असं म्हणून ताईने पर्स काउंटरवर ठेवली. पर्स ठेवली म्हणजे आता सूत्रं तिच्याकडे, हे काकांनाही कळलं. ते आदबीने एकेक प्रकार तिच्यासमोर मांडू लागले. हा चकचकीत. हा मॅट. हा खरखरीत, कापडासारखा. ह्याच्या अक्षरांवरून बोट फिरवा, उठावाची आहेत. ह्याचे कोपरे गोल. ताईने एक कार्ड उचललं आणि तळहातावर तोललं. काळंभोर. जाड. वर मखमलीसारखं लॅमिनेशन, आणि सोनेरी अक्षरं.

"हे," ती म्हणाली. "आमच्या साहेबांचं असंच आहे. हातात घेतलं की वजन कळतं. कार्ड म्हणजे माणसाचं तोंड असतं."

"म्हणजे माझं तोंड काळं करायचं ठरवलंयस."

"सोनेरी अक्षरांनी करतेय ना?"

ठिणगीने कार्ड चिमटीत धरलं. तिचा उजवा हात आपोआप पेपरवेटकडे सरकला. "काका, एकदाच. अगदी कडेला."

"नाही."

"एवढंसं."

"हा आमचा सगळ्यात महागडा नमुना आहे. एकच आहे. नाही म्हणजे नाही."

ताईनेही डोळे वटारले. ठिणगीने हात मागे घेतला, पण कार्डाच्या कडेवरून नख फिरवून बघितलंच. कडेला बारीक कुसळं होती. "काका, तुमच्या कापायच्या मशीनची पाती बोथट झालीय."

"बाई, तुम्ही तुमचं बघा, आम्ही आमचं बघतो," काका म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं: काळं, जाड, मखमल, सोनेरी, कोपरे गोल.

कार्डं आली ती विटेएवढ्या खोक्यात. ठिणगीने खोकं जिन्याखाली आणलं तेव्हा तिथली आवराआवर सुरू झाली होती. फळ्या उतरल्या होत्या, खिळे निघाले होते, आणि आईने सामान कमी करायचं म्हणून वर्तमानपत्रांची सगळी चळत आदल्याच दिवशी रद्दीत घालून टाकली होती.

पहिले आले आचारीबुवा. कोपऱ्यावरच्या खानावळीचे. माणूस अंगाने दाराएवढा, आवाज त्याहून मोठा, आणि सुरी दोन्ही हातांवर आडवी धरून आणायची पद्धत, जणू झोपलेलं बाळ.

"काय ठिणगे, तळघरात चाललीस म्हणे? उंदरांच्या दातांना धार लावणार का?"

"तुम्ही या, बुवा, म्हणजे उंदीर पळतील."

"येईन की. पत्ता दे."

"पत्ता काय, कार्ड देते," ठिणगी शक्य तितक्या सहजपणे म्हणाली आणि चाकावर बसली. पाय हलला, चाक घुमलं, ठिणग्यांचा पिसारा उडाला. बुवांची सुरी तिला आतून-बाहेरून माहीत होती. तिने ती मन लावून केली, पाण्यात बुडवली, पुसली, आणि डावा हात सवयीने चळतीकडे नेला. चळत नव्हती. पण खोकं होतं. ठिणगीला वाटलं, वा! ह्याहून चांगला मुहूर्त कुठला? तिने कोरं करकरीत काळं कार्ड काढलं, बुवांना सोनेरी अक्षरं दिसतील असं हवेत धरलं, आणि सुरी चालवली.

सुरी घसरली.

कार्ड वाकलं, मखमलीवर एक पांढरा ओरखडा उठला, आणि बाकी काही झालं नाही.

"काय झालं?" बुवा.

"काही नाही. थोडी राहिलीय."

पुन्हा चाक. पुन्हा पाणी. पुन्हा कार्ड. ह्या वेळी सुरी जेमतेम आत शिरली आणि मध्येच अडकून बसली. ठिणगीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तिने तिसऱ्यांदा चाक फिरवलं, इतकं सांभाळून की दुरून बघणाऱ्याला वाटावं ती सुरीला झोपवते आहे. कार्डाने तिसऱ्यांदाही ऐकलं नाही.

"बास कर गं," बुवा म्हणाले. "आणखी घासलीस तर हिची सुई होईल. मग मी काय भाजी शिवू?" त्यांनी सुरी उचलली, ठिणगीच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "चालेल."

चालेल! हा शब्द त्या जिन्याखाली आजवर कुणी उच्चारला नव्हता. बुवांनी शिव्या घातल्या असत्या तर ठिणगीला बरं वाटलं असतं.

मग शिंपीणबाई चिरायची सुरी घेऊन आल्या. तेच. मग फुलवाल्याचा चाकू. तेच. चौथ्या गिऱ्हाइकाला ठिणगीने "उद्या या" म्हणून सांगितलं आणि चाकावर फडकं टाकलं. दगड तोच, पाणी तेच, मग राहिलं काय? हात. बाबा म्हणायचे, चाक दिसतं म्हणून लोक चाकाला मान देतात, काम हात करतो, आणि हात कधी सांगून जात नाही. ठिणगीने स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बघितले. दिसायला तर जागच्या जागी होते.

तिने फोन लावला.

"ताई, ती खुर्ची आहे का अजून?"

ज्या वाक्यासाठी ताईने जंग जंग पछाडलं होतं ते वाक्य कानावर आलं, आणि तिचा पहिला प्रश्न निघाला तो, "कापलं-बिपलं का तुला? रडतेयस?"

"नाही. सहज."

"आहे खुर्ची. उद्या सकाळी ये. साहेबांना सांगून ठेवते."

"बरं."

"ठिणगे, खरंच बरी आहेस ना?"

"चालेल," ठिणगी म्हणाली आणि तिला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी तिने पिशवी ओट्यावर टाकली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. आई स्वयंपाकाला लागली होती. मुलगी गप्प आहे हे आईने पाहिलं, पण गप्प माणसाला विचारलं की तो आणखी गप्प होतो हे तिला संसाराने शिकवलं होतं. तिने पिशवीतून घरचीच सुरी काढली आणि टोमॅटो घेतला.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "हिला आज लावलीस धार?"

"लावली. जमली नाही."

"असं?" आईने एक चकती बोटाच्या टोकावर उचलून दिव्यासमोर धरली. चकतीतून दिवा दिसत होता. "ही न जमलेली?"

ठिणगी उठून उभी राहिली.

आईने भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान टरकन फाडलं आणि पुढे केलं. ठिणगीने पान चिमटीत धरलं. सुरी त्यातून गेली की गेलीच नाही, हे खालचा तुकडा जमिनीवर पडला तेव्हा कळलं.

"आता सांग. कशावरून ठरवलंस जमली नाही?"

ठिणगीने खिशातून काळं कार्ड काढलं. आईने ते दातांनी चावून बघितलं, टेबलावर आपटलं, दोन्ही हातांनी वाकवलं. मग सुरीने प्रयत्न केला. मग खाली बसली आणि इतकी हसली, इतकी हसली की पदराने डोळे पुसायची वेळ आली.

"अगं वेडे! सुरी नाही, तुझं कार्ड बोथट आहे!"

"आई, मी बुवांची सुरी तीनदा घासली."

"नाचता येईना अंगण वाकडं, हे म्हणणारे रग्गड बघितले. इथे अंगण खरंच वाकडं आणि आमची पोरगी स्वतःच्या पायांना नावं ठेवत बसली! आणि हे सोनं कुणाच्या डोक्यातून आलं? ताईच्या ना? सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेतं का?"

ठिणगीचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ भूकही लागली. टोमॅटो खाता खाता ती कॅलेंडरच्या पानाच्या पट्ट्या कापत बसली. एक, आणखी एक, उगाच, हाताला बरं वाटतं म्हणून. मग थांबली.

"आई, घरी लोकांना कसं कळतं, सुरी बोथट झालीय?"

"कळतच नाही. रोज रतीभर बोथट होते ती. बायकांना वाटतं, हल्ली टोमॅटोच चांगले येत नाहीत. म्हणून तर तुझे बाबा ओरडत जायचे. तो आवाज ऐकला की आठवायचं, अरेच्चा, आपली सुरी!"

ठिणगीने हातातल्या पट्टीकडे बघितलं, टेबलावरच्या कार्डाकडे बघितलं, आणि "आई!" असं ओरडली. तेवढ्यापुरता तिचा आवाज बाबांसारखा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ऑफिसच्या दारात उभी राहून घड्याळ बघत होती, आणि ठिणगी छापखान्याच्या काउंटरवर कोपर टेकून उभी होती.

"पातळ कागद?" काका म्हणाले. "लॅमिनेशन नको? चकाकी नको? सोनेरी नको?"

"नको."

"कार्ड वाकेल."

"वाकू दे."

"फाटेल."

"तेच तर पाहिजे! काका, नीट ऐका. कार्ड लांबट. खालच्या भागात माझं नाव, नंबर, तळघर कुठून उतरायचं त्याचा नकाशा. वरचा भाग कोरा, फक्त आडव्या रेघा. माणूस घरी जाणार, कार्ड हवेत धरणार, आपल्या सुरीने पहिल्या रेघेवर कापणार. पुढच्या वेळी दुसऱ्या रेघेवर. आणि रेघांच्या शेजारी उभं लिहायचं..." तिने काकांच्याच पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहून दाखवलं. 'ही पट्टी सुरीने कापून बघा. कापली, तर मजेत राहा. फाटली, तर या.'

काकांनी ते एकदा मनात वाचलं, एकदा ओठ हलवून वाचलं.

"अख्खा जन्म मी लोकांना सांगत आलो," ते म्हणाले, "की कार्ड असं घ्या, दहा वर्षं टिकलं पाहिजे. आणि तुम्ही खायला घालताय सुरीला." पण ते खण उपसत होते. "सुरी काढा बाहेर."

"खरंच?"

"काढा, काढा. आज सगळे कागद तुमच्या हवाली. कापा."

ठिणगीने त्या सकाळी मन मानेल तसं कापलं. हा फार भुसभुशीत, बोथट सुरीनेही कापला जातो, गिऱ्हाईक गाफील राहील. हा फार चिवट, चांगल्या सुरीची बदनामी करील, काल केली तशी. शेवटी मिळाला तो काकांकडे कोपऱ्यात पडून राहिलेला साधा, बिनचकाकीचा, किंचित पिवळसर कागद, जो धारदार सुरीला वाट द्यायचा आणि बोथट सुरीशी भांडायचा. काकांनी एक नमुना छापला, मशीनमध्ये कापला आणि तिच्या हातात दिला.

ठिणगीने तो डोळ्यांजवळ नेला. कडेला कुसळंच कुसळं, उंदराने कुरतडल्यासारखी. तिने फक्त त्यावरची शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "फाटली, तर या."

काकांनी चष्मा काढला. पुसला. मशीनकडे गेले आणि झाकणाचे स्क्रू सोडू लागले. "एकट्याने उचलणार नाही ही पाती. धरा त्या टोकाला. आणि कुणाला सांगू नका."

नव्या कार्डाचं पहिलं गिऱ्हाईक असं कार्ड छापायच्या आधीच मिळालं.

त्याच वेळी फोन वाजला. "कुठे आहेस? साहेब बसलेत!"

"साहेब बसलेत? मग आज त्यांना म्हणावं, ठिणगी येतेय."

"येतेयस?"

"नाही. पण म्हणायचं."

ताईने फोन आपटला. पण तह तह होता, आणि महिनाअखेर अजून लांब होती.

जिना पडेपर्यंत ठिणगीने प्रत्येक सुरीबरोबर एक पिवळं कार्ड दिलं. काळी कार्डंही वाया गेली नाहीत. ती सुरीने कापली जात नव्हती, म्हणजेच सुरीपासून वाचवू शकत होती. मधोमध दुमडून पात्याच्या टोकावर चढवली की झालं म्यान. मंडईतल्या सुऱ्या काळी मखमल आणि सोनेरी अक्षरं लेवून घरी निघाल्या. आचारीबुवा मुद्दाम भांडायला आले होते. "तीनदा धार लावलीस त्या दिवशी! खानावळीत सुरीला हात लावायला कुणी धजत नाही. माझ्या अंगठ्याचं नख गेलं, मला संध्याकाळी कळलं!" त्यांनाही म्यान मिळालं, आणि ते त्यांनी ऐटीत छातीच्या खिशाला लावून नेली.

मग तळघर.

पहिले काही दिवस गरम नळांचा फुसफुसाट आणि ठिणगी, दोघंच. बुवा आले, पण बुवा आलेच असते. काका आले, पण ते पाती कशी चालतेय ते सांगायला. रोज संध्याकाळी ताई वरच्या पायरीवरून वाकून विचारायची, "आलं का कुणी?"

"येतील."

"कधी?"

"सुऱ्या ताज्या आहेत गं अजून! बोथट व्हायला वेळ नको का?" ठिणगी म्हणायची. म्हणायची हसत, पण ताई गेली की चाकावर हात ठेवून बसायची. आपण लोकांना चांगल्या धारेने घरी पाठवलं हीच आपली चूक झाली की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

आणि मग एका दुपारी शिंपीणबाई उतरल्या. हातात कार्ड, त्याची वरची कड चावल्यासारखी. "फाटली बाई," त्या म्हणाल्या, जणू काही गुन्हा कबूल करत होत्या. "पाच रेघा मजेत गेल्या. सहावीला फाटली." त्यांच्या मागे फुलवाला. त्याच्या मागे एक अनोळखी आजोबा, ज्यांनी शेजाऱ्याचं कार्ड कापून बघितलं होतं आणि शेजाऱ्याने कार्ड कापल्याबद्दल भांडण काढून त्यांना इथे धाडलं होतं. घरोघरी लोक कार्डं कापत होते. पाहुण्यांना कापून दाखवत होते. मुलांनी आजीची सुरी आणि आईची सुरी अशा शर्यती लावल्या होत्या, आणि हरलेली सुरी दुसऱ्या दिवशी तळघरात.

महिनाअखेरीला संध्याकाळी ताई आली तेव्हा तिला वरच्या पायरीवरून वाकता येईना, कारण पायऱ्यांवर माणसं उभी होती. ती वाट काढत खाली उतरली. टाचांची टकटक नेहमीपेक्षा जरा मऊ वाजली.

"खुर्चीचं सांगायला आले," ती म्हणाली. "साहेबांनी दुसरी मुलगी ठेवली."

"बरं झालं. बस, साहेब येतायत."

ताई बसली नाही. तिने पर्स उघडली, आतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली सुरी काढली, आणि मग नाइलाजाने एक पिवळं कार्ड. त्याची पहिलीच रेघ अशी दिसत होती की तिच्यावरून बैलगाडी गेली असावी.

"कापली की फाटली?" ठिणगीने विचारलं.

ताई काहीतरी पुटपुटली.

"चाकाच्या आवाजात ऐकू येत नाही, ताई."

"फाटली!" ताई ओरडली. आवाज थेट बाबांचा निघाला, नळांवरून घुमून वर लाँड्रीपर्यंत गेला. पायऱ्यांवर हशा पिकला. आचारीबुवा तर कठड्याला धरून हसले.

"मग? ठरल्याप्रमाणे कान?"

"कसे धरू? एका हातात सुरी, एका हातात कार्ड."

"आण ती सुरी इकडे," ठिणगी म्हणाली आणि पाय चाकावर ठेवला. "कार्ड बुवांकडे दे. झाले दोन्ही हात मोकळे."